हिसका

रौफभाईच्या दुकानातून मी बकऱ्याचा कणा आणते,
मानेपासून कंबरेपर्यंत अखंड.
पहिल्यांदा तो म्हणाला होता, "कॉलेजवाल्यांना रस्सा कशाला?"
आता विचारत नाही.
पेपरात बांधून देतो, वर थोडी चरबी फुकट.

लातूरच्या कॉलेजात, जिना संपतो तिथं, तळघरात
आमचं यंत्र आहे. दोन जबडे आणि एक पडदा.
मी सुरीनं मणके सोडवते,
मधला पिवळा बंध तेवढा ठेवते,
दोन हाडांना धरून बसलेला, नखाएवढा.
सुकू नये म्हणून मिठाच्या पाण्याचा बोळा.

हळू ओढलं तर तो बराच वेळ काही बोलत नाही.
आधी सुरकुत्या उलगडतो,
मग ताण घेतो, लांबतो.
सोडलं की परत येतो,
पण गेला त्या वाटेनं नाही,
वाटेत थोडं काहीतरी ठेवून.

"आता वजन सोडा," सोनटक्के मॅडम म्हणतात.
पापणी लवायच्या आत सगळं होतं.
तोच मऊ बंध तेवढ्यापुरता वेताच्या काठीसारखा ताठ होतो,
मघापेक्षा जास्त ओझं पेलतो
आणि तुटतो.
कधी स्वतः तुटत नाही,
हाडाचा टवका घेऊन निघतो.

मॅडम आकडे लिहितात.
मला यात नवल वाटलं नाही.
आमच्या घरी केकताडाचे दोर वळायचे.
बाबा भिंतीला पाय लावून नवा दोर ओढून बघायचा,
सावकाश, दात आवळून,
आणि म्हणायचा, "वजनाला दोर भीत नाही पोरी,
हिसक्याला भितो."
विहिरीतला धोंडा वर येताना कधी दोर तुटला नाही,
बैल बुजला की कासरा तुटायचा.

तिसरा प्रयोग मात्र बाबालाही ठाऊक नव्हता.
वजन हलकं. तुटू नये इतकंच.
एकदा. दोनदा. चाळीस. तीनशे.
मोजायला मी.
काढून भिंगाखाली धरलं,
एक धागा सुटलेला नव्हता.
"परत हळू ओढा."
आणि पडद्यावरची रेघ झोपूनच राहिली,
आधी जिथं उठायची तिथं उठेना.
ढिलाई आली होती, आतल्या आत,
कुणाला दिसणार नाही अशी.

केरबा, माझा भाऊ, निलंगा डेपोला ड्रायव्हर.
अकरा वर्षं. सीटची स्प्रिंग गेलेली, तिच्यावर घरची उशी.
दिवाळीपासून म्हणतोय,
"दुखायलंय. वाकलं की आतून कुणी हात सोडल्यावानी होतंय."
एक्सरे स्वच्छ. दुसराही स्वच्छ.
साहेब म्हणाले, नाटकं करायलाय.
आणि मी,
भाकरी वाढता वाढता म्हणाले होते,
"कंबर कुणाची दुखत नाही?"

रविवारी त्याला कागदावर छापलेली रेघ दाखवली.
उलटसुलट करून बघितली त्यानं.
"ही कुणाची?"
"बकऱ्याची."
"मग त्याला रजा मिळाली का?"
हसला, आणि हसताना कंबरेला हात लावला.

मी सांगितलं नाही,
की विसावा दिला तर रेघ थोडी वर येते.
थोडीच.

सोमवारी त्याच्याच गाडीनं परत निघाले,
केबिनच्या मागच्या सीटवर.
शेजारी एक बाळंतीण, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं.
खड्डा आला की केरबा ब्रेक असा लावायचा,
सावकाश, दात आवळून.
बाळ एकदाही उठलं नाही.

सगळेच खड्डे काही आधी दिसत नाहीत.
मी मोजत होते.
लामजन्यापर्यंत एकशे बारा.
मग खिडकीबाहेर बघितलं.